मित्र म्हणतो 700 किलोमीटर होडीतून जाऊ, आणि मला नाही म्हणवत नाहीये

पत्र:

ताई, मी मूळचा सांगलीचा, सध्या कॅलगरीत नोकरी करतो. कॉलेजमधला रूममेट पण इथेच असतो, आमचं भावांसारखं आहे. मागच्या वर्षी त्याचा घटस्फोट झाला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच खूळ आहे, युकॉन नदीतून व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी कनूने जायचं, दोघांनीच, 10 दिवसांत. तो इथे बरीच वर्षं कनू चालवतो, मी एक-दोनदा तळ्यात फिरलोय तेवढंच. पण कृष्णेत पोहत मोठा झालोय त्यामुळे पाण्याची भीती नाही. भीती वाटते अस्वलांची, आणि खरं सांगू का, त्याच्या स्वभावाची पण, कारण त्याला कुणी थांब म्हटलेलं चालत नाही. मी का-कू केलं की म्हणतो तू नाही आलास तर एकटा जाईन. बायको म्हणते तुझं तू ठरव, सांगलीत आईला अजून काही बोललेलो नाही. जाऊ का नको?
– ना धड हो ना धड नाही, कॅलगरी

उत्तर:

जा. पण 10 दिवसांत नको, आणि तो एकटा जाईल या धास्तीनं तर मुळीच नको.

आधी ते एकटं जाण्याचंच बोलू, कारण तुझं सगळं पत्र त्या एका वाक्याखाली दबलंय. एकेकटी माणसं या नदीतून दर उन्हाळ्यात जातात, तुझा मित्र खरंच इतकी वर्षं वल्हवत असेल तर तो पण जाऊ शकतो, आणि गेला तर तो त्याचा निर्णय, त्याचं ओझं तू का घेतोयस. तुला वाटतंय की तू सोबत असलास म्हणजे त्याची काळजी मिटली, पण नवखा माणूस मनाविरुद्ध पुढच्या सीटवर बसलाय आणि मागचा त्याचं ऐकत नाहीये अशी होडी एकट्याच्या होडीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात वजन दोघांचं असतं आणि डोकं एकाचं. हां, एक गोष्ट मात्र नीट बघ. तो एकटा जाईन हे रुसून म्हणतोय, का परत आलो काय नाही आलो काय अशा सुरात म्हणतोय? दुसरं असेल तर ट्रिपचा विषय बाजूला ठेव, जेवायला बोलाव, सरळ विचार, डॉक्टरकडे किंवा काउन्सेलरकडे जायला लागलं तर सोबत जा. ते काम नदीवर ढकलायचं नाही, कारण तिथे आठ-आठ दिवस तुमच्या दोघांशिवाय बोलायला कुणी नसणारे. पण तुझ्या पत्रावरून मला तो नुसता हट्टी वाटतोय. हट्टी माणसाबरोबर जाता येतं, फक्त बोलणी किनाऱ्यावर असतानाच करून घ्यावी लागतात.

आता त्याच्या बाजूनं एक बोलायलाच हवं, नदी त्यानं शहाणपणानं निवडलीय. लांब पल्ल्याच्या पहिल्या ट्रिपसाठी हा पट्टा खरंच चांगला आहे, नाहन्नीसारखी अवघड नदी म्हणाला असता तर मी तुला एका ओळीत नको लिहून मोकळी झाले असते. व्हाइटहॉर्स ते डॉसन साधारण 715 किलोमीटर, दर उन्हाळ्यात याच पट्ट्यात युकॉन रिव्हर क्वेस्ट नावाची रेस होते आणि पहिले येणारे दोन-अडीच दिवसांत पोचतात, तुझ्या मित्रानं ते व्हिडिओ बघितले असणार म्हणूनच त्याला 10 दिवस म्हणजे निवांत वाटतायत! पाण्याला ओढ चांगली आहे, वाटेतलं लेबार्ज नावाचं मोठं तळं (लेक) सोडलं तर नुसते बसून राहिलात तरी नदी पुढे नेते. आणि मुख्य म्हणजे होडी डोक्यावर घेऊन जंगलातून चालायची वेळ एकदाही येत नाही, तिकडे ऑन्टारियोत अल्गॉन्क्विन पार्कला जाशील तर एका लेकमधून दुसऱ्यात जाताना तेच करत बसावं लागतं.

रॅपिड्स, म्हणजे खडकांतून उसळत जाणारं पाणी, म्हणावेत असे दोनच. कारमॅक्स गाव मागे पडलं की काही तासांत फाइव्ह फिंगर येतं, नदीच्या मधोमध खडकाचे चार सुळके उभे आहेत आणि पाणी त्यांच्यामधून पाच वाटांनी जातं, त्यातली अगदी उजवीकडची वाट घ्यायची, बाकीच्यांकडे बघायचं पण नाही. त्यासाठी बरंच आधीपासून उजव्या काठाला लागून राहावं लागतं, ऐन वेळी आडवं मारता येत नाही. उभ्या लाटा असतात, पुढे बसणारा म्हणजे तू भिजणार, वीस-तीस सेकंदांत संपतं. मग थोडं खाली रिंक रॅपिड्स, तिथेही उजवीकडेच राहायचं. लोक या दोन जागांचं आधी फार टेन्शन घेतात, आणि ज्याचं घ्यायला हवं ते लेबार्ज मात्र सुरुवातीलाच येतं जेव्हा हात पण बसलेला नसतो.

इथे जरा थांबते, कारण तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य अस्वलाचं नाहीये, 'कृष्णेत पोहत मोठा झालोय' हे आहे. आपण सगळे पाठीला डबा बांधून विहिरीत नाहीतर नदीत शिकलेलो, आपल्या डोक्यात पाणी म्हणजे पोहता आलं की झालं. इथे ते चालत नाही रे. युनिव्हर्सिटी ऑफ मॅनिटोबाचे गॉर्डन गीसब्रेक्ट म्हणून प्रोफेसर आहेत, थंड पाण्यात माणसाचं काय होतं याचाच त्यांनी आयुष्यभर अभ्यास केलाय, स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून दाखवतात. त्यांचा हिशोब इथे शाळेतल्या पोरांना पण शिकवतात, 1-10-1. पहिलं 1 मिनिट श्वास तुझ्या ताब्यात नसतो, थंडीच्या धक्क्यानं तू आपोआप जोरात श्वास आत ओढतोस, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपलं, पोहणं येतं का नाही हा प्रश्नच येत नाही. मग साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात, त्यानंतर बोटं दोरी पण धरत नाहीत. आणि मग शरीर गार होऊन शुद्ध हरपायला 1 तासाच्या आसपास. म्हणजे लोक समजतात तसं गारठून मरायची वेळ बहुतेकांवर येतच नाही, ते आधीच बुडतात, आणि लाइफ जॅकेट अंगावर असेल तर तो पूर्ण तास तुझ्या हातात येतो. म्हणून जॅकेट घालायचं, सीटखाली ठेवायचं नाही, चेन लावायची, ऊन आहे पाणी शांत आहे काहीही असो, होडीत पाय ठेवायच्या आधी अंगावर आणि काठावर आल्यावर काढायचं. मित्र हसला तर हसू दे. त्यानंही घालायचं, तो घालणार नसेल तर माझं 'जा' मागे घेतलं असं समज.

तर लेबार्ज. व्हाइटहॉर्सहून निघालात की दुसऱ्या दिवशीच्या आसपास नदी या लेकमध्ये शिरते, 50 किलोमीटर लांब, प्रवाह नाही, दोन्हीकडे डोंगर आणि मधून वारा. सकाळी आरसा असतो आणि दुपारी असल्या लाटा उठतात की भरलेली कनू त्यात पाणी घ्यायला लागते. बर्फ मेअखेर नाहीतर जूनच्या सुरुवातीला सुटतो, म्हणजे जूनमधलं पाणी म्हणजे काय ते तूच ठरव. मधून जायचं नाही, कितीही सरळ वाट दिसली तरी, काठाला धरून जायचं, इतकं जवळून की उलटलात तर चालत बाहेर येता येईल, आणि खाडी लागली तर तिच्या तोंडावरून शॉर्टकट मारायचा नाही, आत वळून जायचं. जून-जुलैमध्ये रात्र अशी होतच नाही, त्याचा फायदा घ्या, संध्याकाळी झोपा, पहाटे दोन-तीनला निघा, वारा उठायच्या आत दहापर्यंत काठावर तंबू. आणि वारा पडलाच नाही तर एक दिवस, दोन दिवस, जिथे आहात तिथे बसून राहायचं. इथेच 10 दिवसांचं गणित मोडतं बघ. 715 ला 10 ने भाग, रोजचे सत्तरच्या वर किलोमीटर, नदीवर ते जमतात, पण लेबार्जनं दोन दिवस खाल्ले की उरलेल्या दिवसांत तो तुला पळवत सुटणार, नाहीतर त्याहून वाईट, दिवस वाचवायचे म्हणून वाऱ्यातच होडी काढणार. तीन आठवड्यांची सुट्टी टाक, नदीवरचे 16 दिवस धर, वरचे दोन-तीन हातात ठेव. तेवढी सुट्टी मिळत नसेल तर अर्धीच ट्रिप करा, कारमॅक्सला हायवे नदीला भेटतो, तिथपर्यंत सव्वातीनशे किलोमीटर होतात, आठवड्याभरात जमतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. किंवा लेबार्ज नकोच असेल तर जॉन्सन्स क्रॉसिंगहून टेसलिन नदीत होडी टाकायची, ती हूटालिंक्वाला युकॉनला येऊन मिळते, लेक पूर्ण टळतो. पण मग लेबार्ज ते हूटालिंक्वा हा थर्टी माइल म्हणतात तो पट्टा चुकतो, आणि पूर्ण नदीत तो सगळ्यात सुंदर आहे, हिरवं-निळं पाणी इतकं स्वच्छ की खालचे दगड पळताना दिसतात. मी तर लेबार्जचा त्रास घेईन.

अस्वलांचं थोडक्यात, कारण त्याबद्दल तुला आधीच सगळे जण सांगत असतील. आहेत, काळी पण आणि ग्रिझली पण, दिसतील, बहुतेक वेळा लांबून काठावर आणि तुम्ही पुढे वाहून गेलेले असाल. अस्वलाला पळवायचा स्प्रे कमरेला, बॅगेत नाही. तो विमानात नेता येत नाही, स्टोव्हचा गॅस पण नाही, दोन्ही व्हाइटहॉर्सला मिळतात. स्वयंपाक तंबूपासून बराच लांब, सगळं खाणं, टूथपेस्ट, साबण अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात, आणि ज्या कपड्यांत फोडणी दिलीस त्या कपड्यांत झोपायचं नाही. सुकट-बोंबील कितीही मोह झाला तरी घरी. मुक्काम शक्यतो बेटांवर किंवा उघड्या वाळू-गोट्यांच्या काठावर करा, तिथे वारा असतो म्हणून डास कमी, आणि लांबवरचं दिसतं. डासांबद्दल मी काही बोलत नाही, डोक्यावरून घ्यायची जाळी घे, जुलैत गेलास तर मला दुवा देशील.

उलट ज्याबद्दल कुणी सांगत नाही ते म्हणजे रात्री होडी बांधणं. पाणी रात्रीत वर चढतं, वारा सुटतो, आणि सकाळी उठून बघावं तर होडी नाही. अस्वलानं डबा नेला तर उपास घडेल, होडी गेली तर कारमॅक्सच्या पुढे मिंटो लागतं त्याच्या खाली तुम्ही कुठेच जाऊ शकत नाही, तिथून डॉसनपर्यंत हायवे नदीजवळ येतच नाही. वर ओढून, उलटी करून, झाडाला बांधून झोपायचं, रोज, दमलो असलो तरी.

आता तुझ्या मूळ दुखण्याकडे येते, त्याचा स्वभाव.

ज्या वाटेनं तुम्ही जाणार आहात ती सोन्याच्या मागे धावलेल्यांची वाट आहे. 1896 च्या ऑगस्टमध्ये डॉसनजवळ क्लोंडाइकला सोनं सापडलं, बातमी बाहेर पोचली तशी हजारो माणसं निघाली आणि 1897-98 च्या हिवाळ्यात व्हाइटहॉर्सच्या वर बेनेट लेकच्या काठावर अडकून पडली, बर्फ वितळेपर्यंत स्वतःच्या होड्या स्वतः बांधत. फळ्या कशा पाडायच्या, तर ओंडका उंच माचावर चढवायचा, एक जण वर उभा, एक खाली, आणि मोठी करवत दोघांनी वर-खाली ओढायची. वरच्याला वाटायचं खालचा ओढतच नाही, लोंबकळतोय, आणि खालच्याच्या डोळ्यात सगळा भुसा, त्याला वाटायचं वरचा रेघ सोडून कापतोय मुद्दाम. आयुष्यभराचे दोस्त त्या करवतीवर तुटले. वाटणी करताना लोकांनी होडी मधून कापली, तवे कापले, पिठाची पोती अर्धी केली असे किस्से त्या काळातले आहेत, म्हणजे दोघांच्याही कामाची राहिली नाही तरी चालेल पण त्याला पूर्ण मिळायला नको! तुमच्या होडीत करवत नसेल पण माणसं तशीच बसणारेत, पुढचा ताकद लावतो आणि मागचा दिशा देतो, पुढच्याला मागचा काय करतोय दिसत नाही, मागच्याला पुढच्याची पाठ दिसते आणि वाटतं हा नुसता वल्हं भिजवतोय. इथे लोक दोघांच्या होडीला डिव्होर्स बोट म्हणतात, तुझ्या मित्रासमोर तेवढा जोक करू नकोस.

तर निघायच्या आधी त्याच्याशी बस आणि एक नियम ठरव, बाकीचे मग त्यातूनच निघतात. पाण्यावर दोघांपैकी जो जास्त घाबरलेला असेल त्याचं ऐकायचं. तू म्हणालास 'काठाला घे', की तो घेणार, वाद नाही, का म्हणून विचारायचं नाही, चिडायचं असेल तर काठावर येऊन चिडायचं. तोही म्हणाला तर तू ऐकायचं. त्याला हे आवडणार नाही, म्हणेल मग आपण डॉसनला ख्रिसमसला पोचू, तुला अनुभव नाही तू प्रत्येक लाटेला घाबरशील. त्याला सांग की बरोबर आहे, पहिले तीन दिवस घाबरेन, म्हणूनच 16 दिवस मागतोय. अनुभवी माणसाला याच्यात हरल्यासारखं वाटतं, पण नीट विचार केला तर त्याचाच फायदा आहे, कारण घाबरून आखडलेला माणूस कनूत एका बाजूला कलतो आणि उलटवतो. हा नियम तो तुझ्या डोळ्यात बघून मान्य करत नसेल, हो हो म्हणून उडवून लावत असेल, तर नको जाऊस. मला तुमच्या मैत्रीबद्दल माहीत नाही पण ज्या माणसाला पार्किंगमध्ये उभं राहून थांब ऐकता येत नाही त्याला वाऱ्यात ऐकता येणार नाही.

बाकी छोट्या गोष्टी. तंबू दोन घ्या. लोक म्हणतील कशाला, वजन वाढतं, पण सांगितलं ना, डोक्यावर काही न्यायचं नाही, वजन चालतं, आणि दिवसभर दहा फुटांत काढल्यावर रात्री आपापली चेन ओढून घेण्यासारखं सुख नाही. काय घेतोयस ते खर्चासकट लिहून काढा, नंतर मी जास्त दिले तू कमी दिले होतं. दारू नेणार असाल तर तंबू लागल्यावरच, होडीत थेंब नाही. आणि तो बोलेल. घटस्फोटाबद्दल, पहिल्या दिवशी नाही, कधीतरी मध्येच, पुढे तोंड करून बसलेल्या माणसाच्या पाठीशी बोलणं सोपं असतं. तेव्हा मागे वळू नकोस आणि सल्ला देऊ नकोस (माझ्यासारखा), वल्हवत राहा आणि हूं म्हण.

पण हे सगळं नंतर. त्याआधी कॅलगरीहून एक शनिवार-रविवार जोडून रेड डियर नदीवर जाऊन या, ड्रमहेलरच्या खालच्या बाजूला नदी संथ आहे, दोन रात्री काठावर काढता येतात. पूर्ण सामान भरून, खरे तंबू, खरा स्टोव्ह. आणि त्याच्याही आधी पॅडल कॅनडाचं सर्टिफिकेट असलेल्या इन्स्ट्रक्टरकडे एखादा कोर्स कर, तू एकटा नाही, दोघांनी, त्याला सगळं येत असलं तरी. तिथे तुम्हाला मुद्दाम उलटवतील आणि परत चढायला लावतील. उलटल्यावर तो तुझ्यावर ओरडतो का आधी तू ठीक आहेस का विचारतो, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला तिथेच मिळेल, मला पत्र लिहायला लागणार नाही.

कधी जायचं, तर मध्य जून ते ऑगस्टअखेर. जूनमध्ये उजेडच उजेड पण लेबार्ज गार आणि डास, ऑगस्टच्या शेवटाला डास मरगळलेले असतात, रात्री अंधार परत येतो म्हणजे नशीब असेल तर नॉर्दर्न लाइट्स, पण पहाटे तंबूवर दंव नाही बर्फाचा थर असतो आणि इथल्या मंडळाच्या गणपतीशी तारखा भिडतात. मला ऑगस्टचा पहिला पंधरवडा आवडतो. होडी विकत घेऊ नका, व्हाइटहॉर्सला भाड्यानं मिळते आणि डॉसनला सोडून देता येते, नकाशाचं पुस्तकही तिथेच मिळतं, एक-एक वळण काढलेलं. कॅलगरीहून गाडीनं जायचं म्हणत असेल तर दोन हजार किलोमीटरच्या वर आहे, ट्रिपच्या आधीच भांडाल, विमानानं जा. वल्ही तीन, एक जादा. होडीतलं पाणी काढायला डबा. आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड वॉटरप्रूफ बॅगेत, ज्याला झोपायच्या आधी हात लावायचा नाही, सुती काहीही नको, ओलं सुती अंगावरची ऊब काढून घेतं.

खाण्याच्या बाबतीत तू इथल्या लोकांपेक्षा पुढे आहेस हे लक्षात घे. ते पाकिटं घेतात महागडी, उकळतं पाणी ओतून खायची, आणि आपल्याकडे पोहे आहेत. पातळ पोहे, सातूचं पीठ, मेतकूट-भात, भाजणी (थालीपीठ तव्यावर नाही जमलं तर उकडपेंडी करा), गूळ-शेंगदाण्याचे लाडू होडीत खायला, मूगडाळ-तांदळाची खिचडी रात्री. तूप डब्यात, थंडीत तूप खावंसं वाटतं. तूरडाळ नको, शिजता शिजत नाही, गॅस संपतो, आणि छोटा कुकर मी तरी नेईन, लोक हसतात पण वासाला येतात. मासे मारून खाऊ असं तो म्हणत असेल तर ग्रेलिंग मिळेल लायसन्स काढून, पण किंग सालमनचं नाव काढू नका, नदीतला सालमन इतका घटलाय की 2024 मध्ये कॅनडा आणि अलास्कानं मिळून सात वर्षं त्याची मासेमारी बंद ठेवायचं ठरवलंय. काठावर कुठे कुठे लाकडी खोल्या आणि मासे वाळवायचे मांडव दिसतील, ती फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांची घरं-जागा आहेत, रिकामी दिसली म्हणून आत शिरायचं नाही. फोर्ट सेलकर्कला मात्र जरूर थांबा, पेली नदी मिळते तिथे समोरच आहे, रस्ता नसलेलं जुनं गाव, सेलकर्क फर्स्ट नेशन आणि युकॉन सरकार दोघं मिळून सांभाळतात, मुक्कामाला जागा आहे, एक दिवस आराम तिथेच करा.

पाणी उकळूनच प्यायचं, स्वच्छ दिसलं तरी, बीव्हर नावाचे प्राणी ते घाण करतात आणि पोट बिघडलं तर सगळ्यांत जास्त लांबचा रस्ता तंबूपासून झाडीपर्यंतचा वाटतो. डॉसनच्या अलीकडे व्हाइट रिव्हर मिळाली की नदीचा रंगच बदलतो, हिमनदीची पिठासारखी बारीक माती आणि राख इतकी येते की होडीच्या बुडाला सुस्स असा सतत आवाज येतो, पहिल्यांदा ऐकून तुला वाटेल होडी फुटली. नाही फुटली. तिथून पुढे प्यायचं पाणी बाजूच्या ओढ्यांतून घ्या नाहीतर बादलीत रात्रभर निवळू द्या. काठाच्या कड्यात वरच्या बाजूला एक पांढरी रेघ मैलोनमैल दिसते ना, ती पण राखच, सुमारे 1200 वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटला त्याची.

राहिली आई. सांग. गुपचूप गेलास आणि मग कुणाच्या तरी फेसबुकवरून कळलं तर ते जास्त महागात पडेल. 1898 मध्ये बेनेटहून होड्या निघाल्या तेव्हा सॅम स्टील नावाच्या पोलिस अधिकाऱ्यानं प्रत्येक होडीला नंबर घालायला लावला होता, आत कोण बसलंय त्यांची नावं आणि घरच्यांचे पत्ते लिहून घेतले होते, सात हजारांच्या आसपास होड्या होत्या तरी. तुला तर दोनच माणसांची माहिती ठेवायचीय. कारमॅक्स सोडलं तर वाटेत मोबाइलला रेंज नाही असंच समजून चाला, सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं इनरीचसारखं यंत्र भाड्यानं मिळतं, ते घ्या, आणि ते होडीच्या बॅगेत नको, तुझ्या जॅकेटच्या खिशात. रोज रात्री तंबू लागला की एक मेसेज. तिकडे युकॉनमध्ये रात्रीचे आठ वाजलेले असतात तेव्हा सांगलीत सकाळचे साडेआठ, आईचा चहा झालेला असतो, तिला दिवसाच्या सुरुवातीलाच कळतं की पोरगा काठावर आहे. हेही आधीच सांगून ठेव की एखाद्या दिवशी मेसेज आला नाही तर काही करायचं नाही, बॅटरी असते, झाडी-डोंगर आड येतात, विसरणं असतं. सलग दोन दिवस नाही आला तर तुझ्या बायकोनं व्हाइटहॉर्सच्या पोलिसांना फोन करायचा, तिच्याकडे होडीचा रंग, निघायची तारीख आणि पोचायची शेवटची तारीख लिहून ठेव. तो नंबर बायकोकडेच दे, आईला नको, आई पहिल्याच दिवशी पावणेनऊला लावेल.